धुतलेली वेणी

रविवार, २३ नोव्हेंबर
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. रागावलेल्या थोरल्या बहिणीलाही नमस्कार करावाच लागतो, तेव्हा तो घे आणि पुढचं वाच. अर्ध्यात फाडू नकोस. फाडायचंच असेल तर वाचून झाल्यावर फाड. सोबत खोका आहे तो आत्ता उघडायचा नाही. आधी पत्र.

आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांची दाढ एकदाची काढली. डॉक्टरांनी हातात दिली तर ह्यांनी ती कागदाच्या पुडीत बांधून घरी आणली आणि आल्यागेल्याला दाखवत सुटलेत, जशी काही लढाई जिंकून आणली. वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत. दिवसभर काहीतरी जड सरकवत असतात. मी झाडूच्या दांड्याने दोनदा छत ठोकलं. तुझ्या तपासण्या चांगल्या आल्या, हे तुझ्या लेकीने माझ्या लेकीला सांगितलं आणि तिने मला. ऐकून मी स्वयंपाकघरातच मटकन खाली बसले, इतकं बरं वाटलं. तू स्वतः सांगितलं असतंस तर आणखी बरं वाटलं असतं, पण जाऊ दे.

दाढेची बातमी द्यायला काही मी पत्र लिहायला बसले नाही, हे तुलाही कळतंय.

त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. साबणाच्याच हाताने उचलला, म्हटलं ताई मी केलेल्या विगचं कौतुक करायला फोन करते आहे. तू म्हणालीस, ‘‘धुतला मी तुझा विग. पायपुसणं झालंय त्याचं.’’ मला वाटलं गंमत करतेयस. मी हसलेसुद्धा! मग तू म्हणालीस, ‘‘हस. सोमवारी मी शाळेत रुजू होणार होते. आता काय घालून जाऊ वर्गात?’’ आणि मी काही बोलायच्या आत ते दुसरं बोललीस. ‘‘लहानपणी म्हणाली होतीस ना, तुझेही केस असेच जातील? इतकी वर्षं मनात धरून बसलीस ना गं?’’

आणि ठेवून दिलास.

ताई, माझ्या पायाखालची जमीन सरकली. नळ चालू, फोन कानाला, आणि मी आपली उभी. लेक येऊन नळ बंद करून गेली तरी मला पत्ता नाही. मी तिसरीत होते गं! माझ्या डोक्यात उवा झाल्या, आईने तुला विंचरायला सांगितलं आणि तू कंटाळून कात्रीच चालवलीस. मी दिवसभर गळा काढला आणि तुला शाप दिला. पोरीबाळी देतात तसा. दुसऱ्या दिवशी तू मला तुझी रंगपेटी दिलीस आणि मी ते विसरले. खरंच विसरले. मी विसरले आणि तू मात्र लक्षात ठेवलंस, ह्याचाच धक्का मला जास्त बसला. आजारपणात, केस जाणार हे डॉक्टरांनी सांगितल्यावर, तू अंथरुणात पडून तो शाप आठवत होतीस का? आणि तरीही विग करायला वेणी कापून माझ्याकडेच पाठवलीस?

दुसऱ्या दिवशी भाऊजी आमच्या विगच्या कारखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. हातात खोका. ‘‘तिने दिलंय.’’ एवढंच. मी म्हटलं, ‘‘बसा, पाणी तरी घ्या.’’ ‘‘नको. दुकान उघडं टाकून आलोय.’’ जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले, परत वळले, म्हणाले, ‘‘दुरुस्त होतं का गं हे?’’ माझं डोकं आधीच भणभणत होतं. मी म्हटलं, ‘‘भाऊजी, हा काय तुमच्या दुकानातला पंखा आहे?’’ ते उतरून गेले. मी मनात म्हटलं, दगड तो दगडच. बायकोच्या डोक्यावरून एवढं गेलं, ह्याला पंखा दिसतोय.

खोका उघडला. तू पायपुसणं म्हणालीस ते बरंच म्हणायचं. आत बोट जाईना. तुझे केस, ताई! ज्यांच्यावरून कंगवा सोडला की आपोआप खाली घसरायचा ते तुझे केस!

आता कामाचं थोडं सांगते, नाहीतर तुला पुढचं कळणार नाही. केसाला माशासारखे बारीक खवले असतात. सगळे मुळाकडून टोकाकडे. विगमध्ये प्रत्येक केसाचं मूळ मुळाच्या जागी आणि टोक टोकाच्या जागी असावं लागतं. थोडे जरी उलटे लागले तरी खवल्यांत खवले अडकतात, आणि पाणी लागलं की सगळं जमून त्याचा गोळा होतो. त्यामुळे आमच्याकडे एकच नियम, मूळ डावीकडे. जुडी फळीवर असो, फडताळात असो, मूळ डावीकडे. ती सवय इतकी हाडीमासी खिळली आहे की घरी पालेभाजीची जुडीसुद्धा मी मुळं डावीकडे करून ठेवते. हे हसतात.

म्हणजे तुझ्या विगमध्ये उलटे केस होते. ते आले कुठून? मी तुझी वेणी सोडली ती डोळ्यांत तेल घालून. माझ्या हातून उलटे होणं शक्यच नाही, असं मी धरून चालले. मग कुणीतरी केलं. कोण?

आमच्याकडे एक बाई आहे, तिला सगळे टाचणी म्हणतात. लाकडी डोक्यावर विगची जाळी टाचायचं काम तिचं. ओठांत सतत टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलते कमी, आणि टाचण्या काढून बोललीच तर टोचतंच. तुझी वेणी आली त्याच आठवड्यात आमचं खिडकीजवळच्या जागेवरून वाजलं होतं. तिला उजेड हवा, मलाही हवा. जागा मला मिळाली. ती माझ्याशी बोलायची थांबली. आणि तुझी वेणी रात्रभर फडताळात होती, तिच्या हाताच्या अंतरावर. झालं, मी दोन आणि दोन पाच केले.

उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्यांसमोर, मालकीणबाईंसमोर, मी तो गोळा तिच्या टेबलावर आपटला. ‘‘माझ्यावर राग होता तर माझं नाक कापायचंस! आजारी माणसाच्या केसांवर कसला सूड उगवलास?’’ आणि आणखी बरंच. ते सगळं मी इथे लिहीत नाही, तू थोरली आहेस.

टाचणीने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या, आणि विचारलं, ‘‘झालं बोलून?’’

मालकीणबाई म्हणाल्या, ‘‘हे खरं निघालं तर तिला उद्यापासून यायचं कारण नाही.’’ टाचणी उठली. तो गोळा उचलून आपल्या जागेवर घेऊन गेली. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या डबे उघडून बसल्या आणि ही त्यातून केस उसवत होती. एक केस काढायचा, चिमटीत धरून चोळायचा. चोळला की केस आपोआप मुळाच्या बाजूला सरकतो, तसं कळतं उलटा की सुलटा. मी लांबून बघत होते आणि मला वाटत होतं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

संध्याकाळी निघताना तिने मला हाक मारली. आमच्याकडे गिऱ्हाईकाच्या केसांना जे काही बांधून आलेलं असतं, दोरी, रबर, काहीही, ते विग घरी जाईपर्यंत टाकत नाहीत, आणि पुष्कळदा नंतरही तसंच पडून राहतं. तिने तुझ्या नावाची डबी माझ्यापुढे उघडून धरली.

‘‘तुझी बहीण वायरमन आहे का?’’ ती म्हणाली.

डबीत काळी चिकटपट्टी होती. वायरीच्या जोडाला लावतात ती. छान घट्ट, एकावर एक वेढे दिलेली.

ताई, मी जागच्या जागी गार झाले. वेणी पाठवायच्या दिवशी तू फोनवर काय म्हणाली होतीस? ‘‘लाल रिबिनीने बांधलीय, शाळेतल्यासारखी. जशी कापली तशी पाठवतेय, धुवायचं त्राण नाही मला.’’ आणि माझ्या हाती आली ती काळ्या पट्टीने बांधलेली, धुतलेली, चमकणारी वेणी! ती चमक बघून मी खूश झाले. म्हटलं ताईने धुऊनच पाठवली, माझं काम वाचलं. आम्ही आल्या आल्या केस धुतो. तेव्हाच धुतली असती तर तेव्हाच ती जमली असती आणि सगळं उघडकीला आलं असतं. मी धुतली नाही. चिमटीत धरून पाहिलीही नाही. दुसऱ्या कुणाची असती तर पाहिली असती. वरूनही सरळ कापलेली, खालूनही सरळ कापलेली, तू शेंडे नेहमी तसेच ठेवायचीस. पट्टी होती तेच मूळ, असं धरलं आणि कामाला लागले. तुझी वेणी मला काय नवीन होती?

टाचणीवर ओरडताना हे सगळं माझ्या डोक्यात होतं, पण मागे कुठेतरी. रागात माणसाला आठवतंसुद्धा सोयीचं.

तिथून मी तडक भाऊजींच्या दुकानात गेले. इथवर लिहायला मी तीन आठवडे घेतले, कारण हे तुला सांगायचंच नाही असं मी ठरवलं होतं.

ते मोटर भरत बसले होते. तांब्याची तार, एका वेढ्याला चिकटून दुसरा, मध्ये केसाएवढी फट नाही. मी कधी त्यांचं काम असं उभं राहून पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, ‘‘भाऊजी, ताईची वेणी तुम्ही सोडली होती का?’’

हात थांबले. ‘‘कुणी सांगितलं?’’

‘‘कुणी नाही. सोडली होती का?’’

तार खाली ठेवली. मग म्हणाले, ‘‘वास येत होता गं तिला. दवाखान्याचा, औषधांचा. तशीच तुमच्या कारखान्यात चार लोकांच्या हातात द्यायची... मला बरं वाटेना. तिला आवडलं नसतं. ती किती टापटिपीची आहे, तुला माहिती आहे.’’

‘‘मग?’’

‘‘मग धुतली. ती झोपली होती. बादलीत कोमट पाणी घेतलं, तिचाच शांपू. रिबीन भिजून घट्ट बसली म्हणून सोडायला गेलो, तर सगळं पाण्यात पसरलं. घाबरलो मी. मग एकेक गोळा केला. मोरीच्या जाळीतलेसुद्धा. एक केस वाया घालवला नाही, खरं सांगतो. गॅलरीत कागदावर वाळवले. वाऱ्याने उडतील म्हणून शेजारीच बसून होतो. मग तारेसारखे सरळ करून घेतले आणि पट्टी मारली.’’

तारेसारखे! तारेला मूळ आणि टोक नसतं गं ताई. कुठूनही धरा, दोन्ही बाजू सारख्याच. आयुष्यभर ज्या माणसाने तारा हाताळल्या त्याला कसं सुचावं, की केसाचं तसं नसतं?

मी त्या दुकानात आ वासून उभी होते. आपण दोघी ह्या माणसाला तुझ्या लग्नापासून ‘दगड’ म्हणत आलो. तुझ्या आजारपणात मी किती वेळा म्हटलं, ‘‘भाऊजींना कशाचं सोयरसुतक नाही.’’ आणि तूही म्हणालीस, ‘‘जाऊ दे गं, त्यांचा स्वभावच तसा.’’ तो दगड मोरीत उकिडवा बसून तुझे केस वेचत होता. कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. तू झोपेतून उठलीस तेव्हा काय म्हणाले असतील? ‘‘वेणी पोचवून येतो,’’ एवढंच ना?

मग त्यांनी मला विचारलं, ‘‘त्याने काही झालं का? विगचं झालं ते... माझ्यामुळे?’’

मी म्हटलं, ‘‘छे हो! आमच्या कारखान्यात जाळी खराब लागली. आमचीच चूक.’’

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मान हलवली, आणि परत तार उचलली. मी निघताना म्हणाले, ‘‘रिबीन आहे माझ्याकडे. लागेल का?’’ आणि खण उघडला. स्क्रू, फ्यूज, टेस्टर, आणि त्यांच्यामध्ये घडी घातलेली लाल रिबीन. मी म्हटलं, असू दे तुमच्याकडेच. बाहेर आले आणि शेजारच्या बंद दुकानाच्या फळीला टेकून रडले. माणसं बघत होती. बघू देत.

मोठी माणसं म्हणतात ना, चोर सोडून संन्याशाला फाशी. इथे तर चोरच नव्हता! तू मला फासावर चढवलंस, मी टाचणीला, आणि दोर वळून आपण तयार, पण गुन्हा कुणाचाच नाही. तुला बोल लावत नाही हं. आजारातून उठलेल्या माणसाच्या हातात असला गोळा आला तर ते काहीही बोलेल. पण मी तर धडधाकट होते ना? मला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी मी टाचणीपुढे जाऊन उभी राहिले. सगळ्यांसमोरच, कारण बोललेही सगळ्यांसमोर होते. म्हटलं, ‘‘चुकलं माझं.’’ मालकीणबाईंनाही सांगितलं, की तपासायचं माझ्याकडून राहिलं, माझी चूक. त्यांनी मला जे सुनावलं ते मी मूग गिळून ऐकलं. टाचणी तेवढ्यात म्हणाली, ‘‘मुद्दाम तूही केलं नसणार, हे मला गोळा बघताच कळलं होतं. बहिणीच्या केसांचं कुणी असं करत नाही.’’

‘‘मग तेव्हा बोलली का नाहीस?’’

‘‘तू बोलू दिलंस कुठे?’’ आणि माझ्यासमोर जुडी सरकवली. ‘‘आता धर. मूळ डावीकडे.’’

तेव्हापासून आम्ही दोघी रोज सुट्टीत आणि सुटल्यावर थोडा वेळ थांबून तुझे केस उसवत, चोळत, लावत होतो. ती एक टोक धरते, मी दुसरं. खिडकीशी दोन खुर्च्या लावल्यात आता, उजेड दोघींना पुरतो. हा प्रश्न आधी का सुटला नाही, असं मालकीणबाई विचारत होत्या. आम्ही खुर्च्या आणखी जवळ ओढल्या.

सगळे केस काही वाचले नाहीत. निम्मे तुटले. म्हणून खोक्यात जो विग आहे तो लांब नाही, कानाच्या खाली जेमतेम येतो. कॉलेजात तुला तसे केस हवे होते आणि बाबांनी घर डोक्यावर घेतलं होतं, आठवतं का? घे आता. ह्यावेळी प्रत्येक केस आधी माझ्या चिमटीतून गेलाय, मग टाचणीच्या. आणि गाठ मारायच्या आधी आम्ही धुतलाही. दोनदा.

आता माझं एक ऐक. हे पत्र आणि खोका भाऊजींच्याच हाती देते आहे. पाकीट चिकटवलंय, ते उघडणार नाहीत. तू हे वाचत असशील तेव्हा ते तिथेच असतील, पेपर तोंडासमोर धरून, आणि तू रडतेयस की काय हे पेपरच्या वरून बघत असतील. त्यांना काही सांगू नकोस. मी जाळी खराब म्हटलंय, ती जाळीच खराब राहू दे. माझ्यावर रागावलेली दिसलीस तरी चालेल, मी सोसेन. त्यांना कळलं तर ते परत कुठल्याही गोष्टीला हात लावायचे नाहीत, इतकं मला आता त्यांचं समजलंय.

त्यापेक्षा असं कर. शाळा सुरू झाली की आठवड्याने, पंधरवड्याने विग धुवावा लागेल. तेव्हा दमले म्हण, हात दुखतो म्हण, काहीही म्हण, आणि त्यांना धुवायला दे. कोमट पाणी, तुझाच शांपू. काही बिघडणार नाही, आता प्रत्येक केस जाळीला पक्का बांधलेला आहे, सोडायला रिबीनच नाही. तू मात्र झोपू नकोस. दार थोडं उघडं ठेव आणि बघ.

वरच्या भाडेकरूंकडेही एकदा जाऊन यावं म्हणते. ते काय सरकवतात ते बघून तरी येईन.

खोका उघड आता.

थोरलीला मनापासून नमस्कार,

तुला एकदाच शाप दिलेली आणि तेव्हाच विसरलेली,
तुझी धाकटी